निलंबन, विभागीय चौकशी आणि वसुली : शासकीय कर्मचाऱ्याला कायद्याने नेमके काय मिळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत असलेल्या एका अव्वल कारकुनाला धान्याच्या नोंदवहीवरून जिल्हाधिकाऱ्यांनी पाच महिन्यांपूर्वी निलंबित केले. आजतागायत दोषारोपपत्र मिळालेले नाही. निलंबन काळात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता निम्म्यावरच चालू आहे. निलंबन काळातील मुख्यालय ९० किलोमीटरवरच्या तालुक्याला दिले असून तेथील नायब तहसीलदार रोज हजेरीपटावर सही करायला बोलावतात. त्यातच आश्वासित प्रगती योजनेच्या (बढती नसली तरी ठरावीक सेवेनंतर वरचे वेतन देणाऱ्या योजनेच्या) लाभाची दहा वर्षांपूर्वी झालेली वेतननिश्चिती चुकीची होती असे सांगून दोन लाखांहून अधिक रकमेच्या वसुलीचे पत्र आले आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. हीच संरक्षणे त्यांनाही लागू होतात का, असा या प्रश्नकर्त्या कारकुनांचा जोडप्रश्न आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ सेवाविषयक प्रकरणेच चालवतो, त्यामुळे सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. ‘घटनेच्या अनुच्छेद ३११मुळे सरकारी नोकराला हात लावता येत नाही’ असे कार्यालयांत सर्रास बोलले जाते. त्याच्या आधीचा अनुच्छेद ३१० मात्र कोणी वाचत नाही. राज्याच्या सेवेतील व्यक्ती राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद धारण करते, असे तो म्हणतो. त्या मर्जीला ३११ने दोन बांध घातले आहेत. ज्याने नेमणूक केली त्याच्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही, हा पहिला. आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांपैकी काहीही करता येत नाही, हा दुसरा. निलंबन, वेतनवाढ रोखणे, बदली आणि वसुली ३११च्या कक्षेत येतच नाहीत. तेथील संरक्षण अनुच्छेद ३०९खालील सेवानियम, शासन निर्णय आणि अनुच्छेद १४ व १६ यांतून येते. निलंबनाविरुद्धच्या अर्जाची सुरुवात ३११ने झालेली दिसली की तो दुसऱ्याच कोणाच्या अर्जावरून उतरवला आहे हे माझ्या लक्षात येते, आणि अशी प्रकरणे ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणाच्याही येते.

आता तुमचे निलंबन. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ४ निलंबनाचा अधिकार देतो आणि ती शिक्षा नव्हे, हे कायद्याचे जुने सूत्र आहे. ज्याच्या घरी निम्मा पगार येतो त्याला हे सूत्र पटत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयालाही ते २०१५ साली पूर्णपणे पटले नाही. अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयाने म्हटले की, निलंबनापासून तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये, आणि बजावले असेल तर मुदतवाढीचा आदेश कारणांसह काढावा. गंमत अशी की, ज्याच्या नावाने हा निकाल ओळखला जातो त्या अधिकाऱ्याला स्वतःला त्याचा लाभ झाला नाही, कारण तोपर्यंत त्याला दोषारोपपत्र मिळालेले होते. या निकालाला अनुसरून सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला आणि निलंबनापासून ९० दिवसांच्या आत दोषारोपपत्र बजावण्याची दक्षता घेण्यास सर्व सक्षम प्राधिकाऱ्यांना बजावले.

तुमच्या प्रकरणात पाच महिने झाले आहेत आणि कागद आलेला नाही, म्हणजे हा शासन निर्णय तुमच्या बाजूने जितका स्पष्ट असू शकतो तितका आहे. मात्र दोन गोष्टी समजून घ्या. निलंबन उठले म्हणजे आरोप संपले असे होत नाही. दोषारोपपत्र नंतरही येऊ शकते आणि चौकशी चालू शकते. तसेच पुन्हा रुजू करताना पुरवठा शाखेचे तेच टेबल मिळेल अशी अपेक्षा धरू नका. अकार्यकारी पदावर नेमणूक करण्याकडे प्रशासनाचा कल असतो आणि बहुतेक प्रकरणांत ते कायद्यात बसते. लाचलुचपतीच्या सापळ्यात अडकलेल्या कर्मचाऱ्यासाठी ९० दिवसांचा हा मार्ग इतका सरळ नसतो, कारण तेथे फौजदारी प्रकरणाचा स्वतंत्र विचार होतो. तुमच्यावर गुन्हा दाखल नाही, ही मोठी जमेची बाजू आहे.

निर्वाह भत्त्याचा मुद्दा लहान वाटतो, पण तुमच्या घरात आज तोच सर्वांत मोठा आहे. निलंबन काळातील प्रदानांविषयीच्या १९८१च्या नियमांतील नियम ६८ प्रमाणे पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका भत्ता आणि त्यावरील महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल तर, त्या भत्त्यात त्याच्याच पन्नास टक्क्यांपर्यंत भर घालता येते, म्हणजे तो ढोबळमानाने मूळ वेतनाच्या पाऊणपट होतो. ही वाढ आपोआप होत नाही, त्यासाठी आदेश लागतो, आणि आस्थापना शाखेत तो आदेश काढण्याची आठवण कोणालाही होत नाही. एक ओळीचा अर्ज करा. आपण अन्यत्र कोठेही नोकरी किंवा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र दरमहा देत आहात ना, हेही पाहा. ते दिले नाही म्हणून भत्ता अडवणे नियमात बसते.

निर्वाह भत्त्याच्या कायद्याला महाराष्ट्रातून आलेला एक निकाल कायमचे वळण देऊन गेला आहे. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती की, फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला त्याचे अपील प्रलंबित असताना दरमहा एक रुपया निर्वाह भत्ता द्यावा. महाराष्ट्र शासन विरुद्ध चंद्रभान ताले या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. पुढे १९९९ साली एम. पॉल अँथनी प्रकरणात न्यायालयाने असे धरले की, भत्ताच न दिल्याने जो कर्मचारी चौकशीच्या ठिकाणी पोहोचू शकला नाही त्याच्या गैरहजेरीत उरकलेली चौकशी टिकत नाही. तुमचे मुख्यालय ९० किलोमीटरवर आहे. उद्या चौकशी तिसऱ्याच ठिकाणी लागली आणि भत्ता थकलेला असला, तर हा निकाल उपयोगी पडेल. त्यासाठी तारखेला जाता येत नाही आणि त्याचे कारण काय, हे तारखेच्या आधी लेखी कळवलेले असले पाहिजे.

हजेरीविषयी : निलंबित कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये, ही अट रास्त आहे. पण ज्याच्याकडून काम घ्यायचेच नाही असे शासनाने ठरवले आहे, त्याला रोज हजेरीपटावर सही करायला लावण्यास नियमांत आधार नाही. तरीही माझा सल्ला असा की, नायब तहसीलदारांशी वाद घालू नका. ‘कोणत्या आदेशान्वये हजेरी अपेक्षित आहे ते कृपया लेखी कळवावे’ एवढेच पत्र द्या. माझ्या अनुभवात अशा पत्राला उत्तर येत नाही आणि हजेरीही आपोआप बंद होते.

यानंतर दोषारोपपत्र येईल असे धरून चालू. कर्मचारी आपली संरक्षणे सर्वांत जास्त गमावतात ती इथे, आणि गमावतात ती स्वतःच्या हाताने, म्हणून यावर जास्त लिहितो. जबर शिक्षेसाठीची (बडतर्फी, पदावनती यांसारख्या) चौकशी १९७९च्या नियमांतील नियम ८ प्रमाणे होते. दोषारोप कळवणाऱ्या पत्रासोबत, म्हणजे ज्ञापनासोबत, चार जोडपत्रे असतात : दोषारोप, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. पहिले दोन सगळेच वाचतात, रात्रभर वाचतात. मी मात्र आधी चौथे उघडतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात चौथ्या जोडपत्रावर फक्त ‘निरंक’, म्हणजे काही नाही, असा शब्द होता. सहा दोषारोप, चौदा कागद, आणि ते सिद्ध करायला एकही साक्षीदार नाही. संबंधित लिपिकाने घाबरून बारा पानांचा खुलासा दिला होता आणि त्यात नोंदवहीतील खाडाखोड आपलीच असल्याचे, पण ती वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून केल्याचे लिहिले होते. जी गोष्ट सिद्ध करायला खात्याकडे कोणीच नव्हते, ती त्याने स्वतःच सिद्ध करून दिली. वरिष्ठांनी अर्थातच तोंडी सूचना नाकारली.

रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, चौकशीत कागद नुसते दाखल करून भागत नाही. त्यातील मजकूर साक्षीदाराकरवी सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते, हे खरे आहे. पण पारड्यात काहीतरी असावे तर लागते. म्हणून ज्ञापनात बहुधा जी दहा दिवसांची मुदत असते, त्या मुदतीत आधी दोन गोष्टी करा : दोषारोप नाकबूल असल्याचे संक्षिप्त उत्तर द्या आणि तिसऱ्या जोडपत्रातील प्रत्येक कागदाची प्रत मागा. मूळ नस्तीची (फाइलची) पाहणी मागण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. सविस्तर निवेदन पुरावा झाल्यानंतर करायचे असते.

बचावासाठी दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याचे साहाय्य घेता येते. वकील सर्वसाधारणपणे देता येत नाही, मात्र खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी विधी व्यवसायी असेल तर तुम्हालाही वकील मागता येतो. चौकशी अधिकारी हा न्यायनिवाडा करणारा आहे, खात्याचा प्रतिनिधी नव्हे. सादरकर्ता अधिकारी गैरहजर असल्याने चौकशी अधिकाऱ्यानेच साक्षीदाराला प्रश्न विचारून खात्याची बाजू उभी केली, असे जेव्हा होते तेव्हा त्याच दिवशीच्या रोजनाम्यावर (कामकाजाच्या नोंदीवर) सही करताना स्वतःच्या हाताने ‘सादरकर्ता अधिकारी अनुपस्थित, प्रश्न चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले’ असे लिहून मग सही करा. नंतर वर्षभराने शपथपत्रात हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि ‘सही करून ठेवा, मजकूर मी नंतर टाइप करून घेतो’ असे म्हटले गेले, तर नम्रपणे थांबा, कितीही उशीर झाला तरी.

चौकशी अहवालाची प्रत मिळणे हा १९९३च्या बी. करुणाकर निकालाने पक्का झालेला हक्क आहे. शिक्षा ठरवण्यापूर्वी अहवाल तुम्हाला द्यावा लागतो आणि त्यावर तुमचे म्हणणे घ्यावे लागते. ४२व्या घटनादुरुस्तीपासून प्रस्तावित शिक्षेबाबत वेगळी संधी देण्याची घटनात्मक सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे अहवालावरील हे निवेदन हीच शेवटची खरी संधी असते. अहवाल तुमच्या बाजूने आला आणि शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला तो मान्य नसेल, तर मतभेदाची तात्पुरती कारणे कळवून तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो तुम्हाला दोषी ठरवू शकत नाही, असे कुंजबिहारी मिश्रा प्रकरणात १९९८ साली ठरले. हा मुद्दा कार्यालये आजही वारंवार चुकवतात. चौकशी सहा महिन्यांत, आणि काही कारणाने शक्य नसेल तर जास्तीत जास्त एका वर्षात संपवावी, असे प्रेमनाथ बाली प्रकरणात २०१५ साली सांगितले गेले आहे, पण केवळ मुदत उलटली म्हणून चौकशी रद्द होईल असे समजू नका. विलंबाने तुमचा बचाव कसा दुबळा झाला, कोणता साक्षीदार निवृत्त झाला, कोणती नस्ती नष्ट झाली, हे दाखवावे लागते.

चौकशीशिवाय बडतर्फी होऊ शकते का? होऊ शकते, तीन प्रसंगी : फौजदारी आरोपावर दोषसिद्धी झाली असल्यास, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नाही असे लेखी कारण नोंदवल्यास, आणि राज्याच्या सुरक्षेच्या कारणाने. तुलसीराम पटेल प्रकरणात १९८५ साली घटनापीठाने ही तरतूद वैध ठरवली. त्याच निकालाने दुसऱ्या प्रसंगातील कारणे न्यायालयाला तपासता येतात हेही सांगितले. तुमच्या प्रकरणाशी याचा संबंध नाही. धान्याच्या नोंदवहीवरून चौकशी अशक्य होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

शिक्षा झालीच तर आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील. निलंबनाच्या आदेशाविरुद्धही अपील करता येते, हे अनेकांना माहीत नसते. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सगळे ज्याला मॅट म्हणतात ते. १९८५च्या केंद्रीय अधिनियमाखाली ते १९९१पासून काम करते आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्याची पीठे आहेत. कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. इथे कर्मचारी एक चूक नेमाने करतात. ते स्मरणपत्रे पाठवत राहतात आणि प्रत्येक स्मरणपत्राने मुदत नव्याने सुरू होते असे मानतात. एस. एस. राठोर प्रकरणात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नियमांत तरतूद नसलेल्या अभ्यावेदनांनी मुदत वाढत नाही. विलंबमाफी मागता येते, मिळतेही, पण ‘साहेबांनी बघतो म्हटले होते’ हे कारण चालत नाही. मॅटच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालाने तो मार्ग खुला ठेवला आहे.

न्यायाधिकरण पुराव्याचे फेरमूल्यमापन करत नाही, हेही मनाशी ठेवा. ‘मी निर्दोष आहे’ हे तेथे पटवायचे नसते. अधिकार नसलेल्याने आदेश काढला, नियम पाळला नाही, पुरावाच नव्हता, किंवा शिक्षा आरोपाच्या मानाने धक्कादायक आहे, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते.

बदलीविषयी दोनच वाक्ये, कारण निलंबन उठल्यावर तो प्रश्न येईल. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५चा राज्य अधिनियम सामान्यतः तीन वर्षांचा पदावधी देतो, बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात असे सांगतो, आणि मुदतपूर्व बदलीसाठी कलम ४(५) खाली लेखी कारणे व लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता मागतो. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द हे लेखी कारण होत नाही, यावर मॅटने कितीतरी बदल्या रद्द केल्या आहेत.

तुमच्या पत्नींबाबत उत्तर वेगळे आहे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या अधिकारितेत येत नाहीत आणि १९७९चे नियमही त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा सेवांचे १९६४चे शिस्त व अपील नियम आहेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील आणि त्यानंतर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय, असा त्यांचा मार्ग आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे तीच, दरवाजा मात्र दुसरा. खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकाचा दरवाजा याहून वेगळा, शाळा न्यायाधिकरणाचा, आणि तेथे मुदत अवघी ३० दिवसांची. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवून माझ्याकडे आलेले लोक मी पाहिले आहेत.

राहिली वसुली. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या डिसेंबर २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही प्रकारच्या वसुल्या अनुज्ञेय नाहीत असे म्हटले. त्यांत वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडील वसुली येते, निवृत्त झालेल्यांकडील किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडील येते, आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेचीही येते. तुम्ही वर्ग तीनमध्ये आहात आणि प्रदान दहा वर्षे चालले, म्हणजे दोन कारणांनी यात बसता. चुकीची निश्चिती तुम्ही खोटी माहिती देऊन करवून घेतली असेल तरच हे संरक्षण गळते. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असे वचनपत्र सही करून दिले होते का, हे सेवापुस्तकाला जोडलेल्या कागदांत पाहा. २०१६च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन खाते ते वचनपत्र पुढे करील. मात्र तो निकाल न्यायिक सेवेतील अधिकाऱ्याचा होता, वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याचा नव्हे, हे उत्तर तयार ठेवा. वेतन यापुढे कमी करून बरोबर ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे, पण त्यासाठीही आधी नोटीस हवी.

वसुलीचा अर्ज निलंबनाच्या अर्जात मिसळू नका. मॅटमध्येही असंबद्ध मागण्या एका मूळ अर्जात चालत नाहीत, आणि कार्यालयात तर आस्थापनेचे टेबल वेगळे व लेख्याचे वेगळे असते. एकत्र अर्ज एका टेबलावरून दुसऱ्याकडे ‘अभिप्रायार्थ’ जातो आणि तेथेच राहतो. तीन स्वतंत्र अर्ज करा : ९ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार निलंबन संपवण्याचा, नियम ६८ प्रमाणे भत्ता वाढवण्याचा आणि वसुली रद्द करण्याचा. तिन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक लिपिकाने शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी नोंदणीकृत डाकेने पाठवा आणि निलंबनाचा आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट अजून घरात असेल, तर तेही फाइलला लावा.